फॉर्मवर सही झाली, पण गडी फिट आहे का?

सोलापूरवरून हैदराबाद, विजयपूर, पुणे आणि धुळे अशा चारही अंगांनी माल जातो. त्यामुळे तब्येतीच्या या सदरात ट्रकचालकांची पत्रं नेहमीच येतात. या वेळी सगळा अंक त्यांनाच दिला आहे.

प्रश्न : मी मोहोळचा, वय ४६, डाळिंब-द्राक्षांच्या गाडीवर चालक. दोन महिन्यांत लायसन्सची मुदत संपते. दोन वर्षांपासून शुगर आहे, रोज गोळी घेतो. डॉक्टरांना सांगितलं तर फॉर्म अडकेल अशी भीती वाटते. न सांगता जमेल का?

शुगर आहे एवढ्याच कारणावरून ट्रकचं लायसन्स नाकारलं जात नाही. फॉर्म १-ए, म्हणजे लायसन्ससाठी डॉक्टरांनी द्यायचा तब्येतीचा दाखला, यात डॉक्टरांना विचारलेलं असतं ते असं : फिट (आकडी), भोवळ किंवा अचानक शुद्ध हरपण्याचा त्रास आहे का, काम अडेल असा हृदयाचा किंवा फुप्फुसाचा आजार आहे का, नजर आणि ऐकणं कसं आहे, हातपाय धड आहेत का, दारू किंवा नशेची सवय आहे का. तुमची भीती शुगरची आहे. डॉक्टरांची खरी काळजी मात्र शुगर एकदम खाली जाऊन स्टिअरिंगवरच शुद्ध हरपण्याची असते. तो धोका तुमची गोळी कुठली यावर ठरतो, म्हणून गोळ्यांची पट्टी सोबत न्या. नुसती मेटफॉर्मिन सहसा शुगर खाली पाडत नाही. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड, ग्लिबेनक्लामाइड आणि इन्सुलिन पाडतात. ‘शुगरची गोळी घेतो’ एवढ्यावर डॉक्टरांना काही ठरवता येत नाही.

गडबड होते ती अशी. सकाळी गोळी घेतली, मार्केट यार्डात नंबर लागेना, दोन वाजेपर्यंत पोटात फक्त चहा. वर ताडपत्री ओढणं आणि रस्से आवळणं यात अंग मोडून काम झालं. शुगर ७० च्या खाली गेली की हात थरथरतात, घाम फुटतो, चिडचिड होते, डोळ्यांपुढे धूसर येतं. उन्हाचा घाम समजून चालक गाडी हाणत राहतो आणि तिथेच फसतो. अशा वेळी गाडी कडेला घ्या, इंजिन बंद करा, चावी काढा. तीन चमचे साखर पाण्यात ढवळून प्या आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा. अजूनही ७० च्या आत असेल तर तेवढीच साखर परत घ्या. चढली की भाकरी किंवा बिस्किटं खा. त्यानंतरही पाऊण तास गाडी हलवू नका, कारण मीटरवरचा आकडा सुधारला तरी डोकं मागाहून ताळ्यावर येतं. ब्रिटनमध्ये इन्सुलिन घेणाऱ्या चालकांना सांगतात की शुगर ९० च्या वर असेल तरच स्टिअरिंगवर बसा. हा आकडा आपल्यालाही धरून चालायला हरकत नाही.

कॅबिनमध्ये शेंगांची चिक्की ठेवणारे पुष्कळ आहेत. एरवी ती चांगली, पण या प्रसंगी कुचकामी, कारण शेंगदाण्यातल्या तेलामुळे साखर रक्तात उतरायला वेळ लागतो. साधी साखर किंवा ग्लुकोज पावडर पुडीत बांधून ठेवा.

इन्सुलिन घेत असाल तर सोलापूरचा एप्रिल-मे ध्यानात घ्या. बाहेर ४० च्या पुढे पारा असताना बंद कॅबिन त्याहून तापते. वापरात असलेली इन्सुलिनची बाटली ३० अंशांच्या आत ठेवावी लागते. डॅशबोर्डवर ठेवलेली बाटली दिसायला तशीच राहते, पण तिचं काम मंदावतं. ती प्लास्टिकच्या पिशवीत बंद करून ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या छोट्या मडक्यात ठेवा. बर्फाला टेकू देऊ नका, गोठली की वाया गेली. तपासणीच्या पट्ट्यांच्या डबीचं झाकणही घट्ट हवं.

मुदतीचं म्हणाल, तर मोटार वाहन कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीपासून मालवाहू लायसन्स पाच वर्षांचं झालं आहे. मुदत संपायच्या आधी एक वर्षापासून नूतनीकरणाचा अर्ज करता येतो. मुदत उलटून वर्ष गेलं तर पुन्हा चाचणी द्यावी लागते. दोन महिने हातात आहेत, तेव्हा आधी तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीए१सी तपासणी करून मगच फॉर्मसाठी जा.

प्रश्न : रात्री समोरच्या गाडीचा लाइट डोळ्यांवर आला की काही क्षण काहीच दिसत नाही. पिवळ्या काचांचा चष्मा घेऊ का? – अक्कलकोट

घेऊ नका. पिवळी काच डोळ्यांत येणारा प्रकाशच कमी करते आणि अंधारातला बिनदिव्याचा ट्रॅक्टर आणखी उशिरा दिसतो. चाळिशीनंतर असं झालं तर बहुतेकदा मोतीबिंदूची सुरुवात असते, नाहीतर चष्म्याचा नंबर बदललेला असतो. आधी गाडीची पुढची काच आतूनही पुसा. आतल्या बाजूला बसलेला तंबाखू-विडीचा धुरकट थर रात्रीचा लाइट पसरवतो आणि लोक डोळ्यांना दोष देतात.

घरच्या घरी तपासायचं असेल तर दिवसा उजेडात एखाद्या गाडीपासून २५ मीटर, म्हणजे साधारण तीस-पस्तीस पावलं मागे जा. चष्मा असेल तर लावा. एक डोळा झाकून नंबरप्लेट वाचा, मग दुसरा. सरकारी अटही हीच आहे. दोन्ही डोळे उघडे ठेवून वाचलं तर एका डोळ्याचं अपंगत्व दुसरा डोळा झाकून टाकतो. एका डोळ्याची नजर पूर्ण गेलेल्या चालकाला नियमात एक सवलत आहे, पण ती खासगी हलक्या वाहनापुरती. ट्रकला ती लागू नाही. रंगांच्या बाबतीत २०२० पासून सौम्य ते मध्यम रंगांधळेपण चालतं, तीव्र चालत नाही.

शुगर असेल तर दोन गोष्टी. शुगर वरखाली होत असताना चष्म्याचा नंबर काढू नका, ती स्थिरावली की तो नंबर चुकीचा ठरतो आणि पैसे वाया जातात. आणि पडद्याची तपासणी वर्षातून एकदा करा. बाहुली मोठी करण्याचे थेंब घातले की निदान पाच-सहा तास गाडी नाही, म्हणून ट्रिप नसेल त्या दिवशीच जा.

प्रश्न : माझ्या चार गाड्या आहेत. एक चालक जाड आहे, भयंकर घोरतो आणि दिवसाढवळ्या पेंगतो. रात्री झोप झाली असं तोच सांगतो. आळशी म्हणावं की आजारी? – होटगी रस्ता, सोलापूर

आजारी असण्याची शक्यता जास्त. घोरताना श्वास अडकत असेल तर रात्रभर मेंदू पुन्हापुन्हा अर्धवट जागा होतो. माणसाला ते आठवत नाही, म्हणून तो ‘झोप झाली’ असं प्रामाणिकपणे सांगतो. क्लीनरला विचारा : घोरणं मध्येच थांबून, गुदमरल्यासारखा आवाज होऊन पुन्हा सुरू होतं का? शर्टाची कॉलर सोळा-सतरा इंचांपुढे आहे का? सकाळी डोकं जड, तोंड कोरडं असतं का? दोन-तीन गोळ्या घेऊनही बीपी उतरत नाही का? तीनेक उत्तरं हो आली तर झोपेची तपासणी करून घ्या. ती एका रात्रीत होते. निदान पक्कं झालं तर सीपॅप नावाचं हवेच्या दाबाचं यंत्र नाकावर लावून झोपायचं असतं. ट्रकची बॅटरी २४ व्होल्टची असते आणि यंत्राला वेगळा व्होल्टेज लागतो, त्यामुळे कन्व्हर्टर यंत्राच्या कंपनीला विचारून घ्या. नाहीतर सर्किट जळतं. उपचार सुरू होऊन पेंग जाईपर्यंत रात्रीची ट्रिप दुसऱ्याला द्या.

एक गोष्ट मालक म्हणून तुम्हालाही सांगायला हवी. १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्यात दिवसाला आठ तास, आठवड्याला ४८ तास आणि पाच तास कामानंतर निदान अर्धा तास विश्रांती सांगितली होती; २०२५ मध्ये त्या कायद्याची जागा नव्या कामगार संहितेनं घेतली. निरोगी माणूसही पहाटे दोन ते सहाच्या दरम्यान ढेपाळतो. गुटखा आणि खिडकीतलं वारं पाच-दहा मिनिटं धकवतात, झोप भरून काढत नाहीत. डुलकी आलीच तर दिवे असलेल्या ढाब्यावर गाडी लावून कडक चहा-कॉफी प्यावी आणि लगेच वीस मिनिटं आडवं व्हावं. जाग येईस्तोवर कॉफी कामाला लागलेली असते.

प्रश्न : माझे यजमान ट्रिपवर गेले की बीपीची गोळी बुडवतात. म्हणतात, ‘सारखी लघवीला लागते, घाटात कुठं थांबू?’ – चालकाची पत्नी, बार्शी

त्यांची अडचण खरी आहे. क्लोरथॅलिडोन किंवा हायड्रोक्लोरोथायाझाइड असलेली गोळी पाणी काढते. डॉक्टरांना ‘ट्रकवर असतात’ हे सांगितलं तर ते गोळी किंवा तिची वेळ बदलू शकतात. गोळी आपल्या मनानं बंद करणं मात्र सर्वांत वाईट. बीपी गाडीवरून उतरल्या उतरल्या मोजू नका. लघवी करून, तंबाखू-चहानंतर अर्धा तास थांबून, पाच मिनिटं पाठ टेकून बसल्यावर मोजा. १४०/९० च्या वर सतत राहिलं तर डॉक्टरांकडे. आपल्या फॉर्ममध्ये बीपीचा आकडा नाही. अमेरिकेत वैद्यकीय तपासणीत ते १८०/११० च्या वर असेल तर, खाली येईपर्यंत, चालकाला अपात्र ठरवतात. त्यावरून गांभीर्य कळेल. जेवणात मीठ दिवसाला पाच ग्रॅमच्या आत हवं, म्हणजे सपाट चमचाभर. डब्यात शेंगाचटणी, लोणचं आणि पापड तिन्ही घालता का? चटणी राहू द्या, मीठ निम्मं घालून कुटा. बाकी दोन काढा.

प्रश्न : पाकणीहून टँकर भरतो. माझं लायसन्स पाच वर्षांचं का नाही?

पेट्रोल-डिझेलसारख्या धोकादायक मालाच्या लायसन्सची मुदत तीन वर्षं असते.

प्रश्न : सर्दीची गोळी घेऊन गाडी चालवली तर चालतं का? – टेंभुर्णी

पट्टीच्या मागे क्लोरफेनिरामिन लिहिलं असेल तर नको. सेटिरिझिननेही अनेकांना सुस्ती येते. फेक्सोफेनाडिन बरं, पण तेही पहिल्यांदा घरी असताना घेऊन बघा. कोडीन असलेलं खोकल्याचं औषध ट्रिपवर घेऊच नका.