फी माफ झाली, पण मेसचं काय?

प्रश्न : मुलगी यंदा बारावी सायन्स झाली, सीईटी पण दिली, आता म्हणते बीएस्सी अ‍ॅग्रीच करायचं. हे वाशी मार्केटला माथाडी आहेत, साताऱ्याकडं गावी दीड एकर आहे. शेजारचे म्हणतात मुलींना फी माफ आहे, कसलं टेन्शन घेता. खरंच खर्च नाही का? – एक आई, कोपरखैरणे

उत्तर : ताई, शेजारचे अर्धंच सांगतायत. 2024-25 पासून घरचं वार्षिक उत्पन्न 8 लाखांच्या आत असलेल्या ईडब्ल्यूएस (खुल्यातले आर्थिक दुर्बल), एसईबीसी (मराठा आरक्षणाचा गट), ओबीसी मुलींची ट्यूशन आणि परीक्षा फी सरकार भरतं, त्यात कृषी पदवी पण येते. पण अ‍ॅडमिशन कॅप राउंडमधूनच, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश फेरीतूनच झालेली पाहिजे, मॅनेजमेंट कोट्यातून घेतली की विषय संपला. उत्पन्नाचा आणि जातीचा किंवा ईडब्ल्यूएसचा दाखला आत्ताच काढा, महाडीबीटी या सरकारी स्कॉलरशिप पोर्टलवर फॉर्म अडकतो तो बहुतेक कागदांपायीच.

आता जे माफ नाही ते. हॉस्टेल, मेस, येणंजाणं. दापोलीचं कृषी कॉलेज मिळालं तर पनवेलवरून खेडपर्यंत कोकण रेल्वे आणि पुढं एसटी, राहुरी कृषी विद्यापीठाखालचं पुणे नाहीतर कोल्हापूर मिळालं तर गावाकडची माणसं तरी जवळ. त्यात बारीकसारीक असतंच, पांढरा अ‍ॅप्रन, प्रॅक्टिकलच्या वह्या, किडे टाचून ठेवायची लाकडी पेटी (हो, पोरी किडे पकडत फिरतात आणि सुट्टीत ती पेटी घरी पण आणतात, तयारी ठेवा!). शेवटच्या वर्षाला 'रावे' म्हणून काही महिने खेड्यात शेतकऱ्यांबरोबर काढायचे असतात, तिथला राहण्याजेवणाचा खर्च पुष्कळ जण धरतच नाहीत आणि मग ऐनवेळी उसनवारी. माझं मत विचाराल तर मेसचं वर्षाचे 10 महिने गुणिले चार वर्षं असं आधी कागदावर मांडा, कॉलेज नंतर निवडा. खासगी असेल तर फी सोडून अजून काय काय घेता ते लेखी मागा.

गावच्या दीड एकराचा इथं उपयोग आहे. अल्पभूधारक शेतकऱ्यांच्या मुलांना डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता मिळतो, त्याचा फॉर्म पण महाडीबीटीवरच. फक्त पैसे खात्यात उशिरा पडतात, पहिल्या सहामाहीची मेस त्याच्या भरवशावर ठेवू नका.

अल्पभूधारक म्हणून दाखवायचं आहे, तेव्हा सातबारा आजेसासऱ्यांच्याच नावावर असेल तर वारस नोंदीचं मात्र याच महिन्यात बघा.