टॅब काढून घेतला, आता पुढे काय?

इंग्लंडमधल्या एका आईने लिहिलंय. मुलगा १४ वर्षांचा, इयर नाइनमध्ये. धाकट्या बहिणीला टॅबवर कार्टून लावून देताना आईला हिस्टरीत पॉर्न साइट्सची नावं दिसली. बाबांनी टॅब आणि फोन दोन्ही काढून घेतले आणि "लाज कशी वाटत नाही तुला?" म्हणून ओरडले. तेव्हापासून मुलगा ताट वाढून घेतो आणि खोलीत जाऊन जेवतो. नाशिकहून आजी आलेली आहे, सहा महिने राहणार आहे. घरात काहीतरी बिनसलंय एवढं तिच्या लक्षात आलंय. आईचे प्रश्न असे: आमचं काय चुकलं, त्याच्याशी बोलायचं कसं, आणि बाबा म्हणतात तसं त्याला दोन वर्षं पुण्याला काकांकडे ठेवावं का?

ताई, शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. नका पाठवू. "इथल्या वातावरणाने पोरगं बिघडलं" हे परदेशातल्या आपल्या घरांमध्ये फार सहज बोललं जातं. पण २०१६ नंतर भारतात डेटा इतका स्वस्त झाला की पुण्यातल्या आठवी-नववीच्या मुलांच्या हातातही तोच फोन आहे आणि त्यात तेच सगळं आहे. शिवाय त्याला पाठवलंत, तर तो एकच गोष्ट शिकेल, की या घरात पकडलं गेलं की घराबाहेर काढतात.

तुमचं काय चुकलं? बहुधा काहीच नाही. इंग्लंडच्या चिल्ड्रन्स कमिशनरचा (मुलांच्या हक्कांसाठी नेमलेल्या अधिकाऱ्यांचा) जानेवारी २०२३चा अहवाल सांगतो की पॉर्न पहिल्यांदा नजरेस पडण्याचं सरासरी वय तिथे १३ आहे आणि १० टक्के मुलांनी ते नऊ वर्षांची होईपर्यंतच पाहिलेलं असतं. सर्वांत जास्त मुलांनी ते पाहिलं होतं ट्विटरवर, पॉर्न साइट्स त्याच्याही खाली होत्या. म्हणजे तुमचा मुलगा शोधायला गेला असेल, किंवा वर्गातल्या कुणीतरी ग्रुपवर टाकलं असेल आणि तिथून कुतूहल वाढलं असेल. या वयात कुतूहल असणारच. ते विकृतीचं लक्षण मानू नका.

काळजी करण्याची गोष्ट वेगळी आहे. त्याच पाहणीत ७९ टक्के तरुण मुलामुलींनी सांगितलं की १८ वर्षांच्या आत त्यांनी हिंसक पॉर्न पाहिलं होतं. मारणं, गळा दाबणं, समोरची व्यक्ती नको म्हणत असताना चालूच ठेवणं. ज्या मुलाला लैंगिक संबंधांबद्दल घरात एक अक्षर कुणी सांगितलेलं नाही, त्याला हेच खरं वाटू शकतं. बोलायला हवं ते यासाठी.

आणि हे आपल्या पिढीला जड जातं, मला माहीत आहे. विज्ञानाच्या पुस्तकातला प्रजननाचा धडा "घरी वाचून या" म्हणून सोडून देणारे शिक्षक आपल्यापैकी कितीतरी जणांनी अनुभवलेत. बाकीचं शिक्षण लोकलच्या रुळांलगतच्या भिंतींवर रंगवलेल्या गुप्तरोगवाल्यांच्या जाहिरातींनी केलं. ज्या महाराष्ट्रात र. धों. कर्व्यांनी जुलै १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' मासिकातून या विषयावर उघडपणे लिहिलं आणि त्यापायी खटले सोसले, तिथल्याच आईबाबांच्या तोंडून शंभर वर्षांनीही शब्द फुटत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

बोलणं बाबांनी करावं असं मला वाटतं, कारण ओरडले ते. समोरासमोर बसवून नको. क्रिकेटच्या प्रॅक्टिसला नेताना गाडीत, दोघांचीही नजर रस्त्याकडे असताना. मराठीत अडखळत असतील तर सरळ इंग्रजीत बोलावं, आज मराठीचा हट्ट नको. सुरुवात साधारण अशी करता येईल: "त्या दिवशी मी ओरडलो ते चुकलं. तुला आणखी लाज वाटावी असं मला वाटत नाही. तुझ्या वयात मलाही प्रश्न पडायचे आणि विचारायला कुणी नव्हतं. मी थोडं बोलतो, तू नुसतं ऐकलंस तरी चालेल."

मग थोडक्यात तीन-चार गोष्टी. हे कॅमेऱ्यासमोर केलेलं, कापून जोडलेलं असतं. खऱ्या माणसांची शरीरं आणि खरी जवळीक तशी नसते. "नको" म्हटलं की थांबायचं, आणि समोरची व्यक्ती गप्प असेल तर तिची संमती आहे असं समजायचं नाही. हस्तमैथुनाने अशक्तपणा येत नाही, हेही बाबांनी स्पष्ट सांगावं. त्या भिंतींवरची भीती पुढच्या पिढीला देऊ नये. मुलगा "हं" म्हणून खिडकीबाहेर बघेल. बघू द्या. दहा मिनिटं पुरेत. पुढच्या महिन्यात पुन्हा दहा मिनिटं. (मुलगी असती तरी हेच सांगितलं असतं. मुलींच्या बाबतीत आपण आणखी घाबरतो आणि आणखी गप्प बसतो.)

आजीला सांगायचं का? नाही. दादरच्या मावशीला नाही, मंडळातल्या मैत्रिणीलाही नाही. हे त्याचं खासगी आहे. आजीला "वयात आलाय, जरा चिडचिड चाललीये" एवढं पुरे.

फिल्टर जरूर लावा, आणि ते धाकटीसाठी लावतोय असं त्यालाही सांगा. ब्रॉडबँड कंपनीचं पेरेंटल कंट्रोल चालू करा, टॅबवर धाकटीचं वेगळं प्रोफाइल करा, रात्री सगळ्यांचे फोन, तुमचेसुद्धा, हॉलमध्ये चार्जिंगला लावा. ऑनलाइन सेफ्टी ॲक्टखाली २५ जुलै २०२५ पासून ब्रिटनमध्ये पॉर्न साइट्सना वय तपासणं बंधनकारक झालंय. पण त्याबरोबर व्हीपीएनचे, म्हणजे आपण दुसऱ्या देशात आहोत असं साइटला भासवणाऱ्या ॲप्सचे, डाउनलोडही धडाधड वाढले, आणि व्हॉट्सॲपवर आलेली क्लिप कुठलंच फिल्टर अडवत नाही. चोरून त्याचे मेसेज मात्र वाचू नका. कळलं की तो दुसरा मार्ग शोधेल, आणि तो तुम्हाला दिसणार नाही.

रात्र-रात्र जागरण, अभ्यास आणि मित्र तुटणं, थांबवायचंय पण थांबवता येत नाही असं तो स्वतः म्हणणं, यातलं काही दिसलं तर जीपीकडे, म्हणजे तुमच्या फॅमिली डॉक्टरकडे जा. त्याला तुमच्याशी बोलायचं नसेल तर चाइल्डलाइन या मुलांसाठीच्या हेल्पलाइनचा ०८०० ११११ हा नंबर त्याच्याकडे असू द्या.

फोन परत देताना एक गोष्ट बाबांनी न विसरता सांगावी, आणि माझ्या मते या सगळ्यात तीच सर्वांत महत्त्वाची आहे. एप्रिल २०२४ मध्ये तिथल्या नॅशनल क्राइम एजन्सीने देशभरातल्या शिक्षकांना इशारा दिला होता: मुलीच्या नावाने खोटं अकाउंट काढून टोळ्या किशोरवयीन मुलांकडून उघडे फोटो मागवतात आणि मग पैशांसाठी धमकावतात. असं झालं तर मुलाने कितीही रात्र असली तरी आईबाबांना उठवायचं. पैसे द्यायचे नाहीत, समोरच्याला ब्लॉक करायचं, पण चॅट डिलीट करायचं नाही, आणि पोलिसांना १०१ वर कळवायचं. फोटो इंटरनेटवरून काढण्यासाठी चाइल्डलाइन आणि इंटरनेट वॉच फाउंडेशनची 'रिपोर्ट रिमूव्ह' ही सोय आहे, १८ वर्षांखालच्या मुलांना ती स्वतः वापरता येते. "लाज कशी वाटत नाही" हे ऐकलेला मुलगा अशा रात्री तुमचं दार वाजवणार नाही. म्हणून ते वाक्य आधी मागे घ्या, या आठवड्यातच.