संकटात देवाच्या प्रीतीवर भरवसा कसा ठेवायचा?

तुम्ही लिहिलंय की पतीचं आजारपण लांबत चाललंय, घरातली मिळकत थांबलीय आणि रोज प्रार्थना करूनही काही बदलत नाही. मंडळीतल्या, म्हणजे चर्चमधल्या, काहींनी ‘विश्वास कमी पडतोय’ असं सुचवलंय. मुलगी विचारते, ‘देव आपलं ऐकत का नाही?’ अशा वेळी देवाचं आपल्यावर प्रेम आहे हे मनाला कसं पटवायचं, असा तुमचा प्रश्न आहे.

आधी मंडळीतल्या त्या बोलण्याबद्दल लिहितो, कारण ते मनात सलत राहिलं तर पुढचं काहीच आत उतरणार नाही. बायबलमधल्या ईयोबाच्या पुस्तकात, सगळं गमावून आजारी पडलेल्या ईयोबाला भेटायला त्याचे तीन मित्र आले आणि 7 दिवस, 7 रात्री त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले. तेवढंच त्यांचं बरोबर होतं. नंतर त्यांनी तोंड उघडलं आणि त्याच्या दुःखाचं कारण त्याच्यातच शोधायला लागले. त्या पुस्तकाच्या 42व्या अध्यायात देव त्या मित्रांवर रागावतो आणि म्हणतो की माझ्याविषयी ईयोब बोलला तसं यथार्थ तुम्ही बोलला नाहीत. ईयोब तर अध्यायामागून अध्याय देवाशी भांडत होता! योहानाच्या शुभवर्तमानाच्या 9व्या अध्यायात येशूचे शिष्य जन्मांध माणसाकडे बघून विचारतात, पाप कोणाचं, याचं की आईबापांचं? येशू दोन्ही नाकारतो. शिलोहाचा बुरूज पडून 18 माणसं मेली, तेव्हाही ती इतरांपेक्षा जास्त पापी नव्हती असं त्यानं स्पष्ट सांगितलं. प्रेषित पौलानं आपल्या ‘देहातला काटा’, म्हणजे सतत छळणारा एक त्रास, निघावा म्हणून तीनदा विनंती केली, तो निघाला नाही. पौलाचा विश्वास कमी होता असं म्हणायला कोणी धजेल का? तुमच्या पतीचं आजारपण म्हणजे तुमच्या विश्वासाच्या परीक्षेचा निकाल नाही. ज्यांनी ते सुचवलं त्यांचा हेतू कदाचित चांगला असेल, पण शास्त्र त्यांच्या बाजूनं नाही.

आता मूळ प्रश्न. आपण देवाची प्रीती परिस्थितीवरून ओळखायला शिकतो. दिवस बरे गेले की ‘देवाची कृपा’, वाईट आले की ‘देव कुठे गेला?’ मंडळीतल्या साक्षींनीही ही सवय पक्की होते. बरं झालेल्याला, काम मिळालेल्याला साक्ष द्यायला उभं करतात. जो अजून अंथरुणावर आहे आणि तरीही प्रभूला धरून आहे, त्याची साक्ष क्वचितच ऐकू येते. मला हे मनापासून खटकतं. या हिशोबानं पाहिलं तर वधस्तंभावरचा येशू हा देवाचा सगळ्यात नावडता माणूस ठरेल.

पौल प्रीतीचा पुरावा दुसरीकडे दाखवतो. रोमकरांस पत्राच्या 5व्या अध्यायातलं 8वं वचन तुम्हाला पाठ असेल: आपण पापी असतानाच ख्रिस्त आपल्यासाठी मेला, हे देवाच्या प्रीतीचं प्रमाण. हा पुरावा घडून गेलेला आहे. तुमच्या पतीचा पुढचा रिपोर्ट चांगला आला तर तो वाढणार नाही, वाईट आला तर कमी होणार नाही. म्हणून माझं तुम्हाला सांगणं असं की तुमच्या आजच्या दिवसात देवाची प्रीती दिसलीच पाहिजे असा आग्रह स्वतःकडे धरू नका. काही दिवसांत ती दिसतच नाही. जिथे ती एकदा कायमची दाखवली गेली तिथे बघा, आणि आजचा दिवस जसा आहे तसा घेऊन तिथे जा. प्रभुभोजनाला, येशूच्या मरणाची आठवण म्हणून घेतल्या जाणाऱ्या भाकर-प्याल्याच्या विधीला, मी याच कारणासाठी फार जपतो. त्या दिवशी मला काय वाटतंय याची कोणी चौकशी करत नाही. भाकर आणि प्याला हातात येतो.

त्याच पत्राच्या 8व्या अध्यायात पौल विचारतो की ख्रिस्ताच्या प्रीतीपासून आपल्याला कोण वेगळं करील, आणि पुढे क्लेश, आपत्ती, छळ, उपासमार, नग्नता, संकट, तलवार अशी नावंच घेतो. ही संकटं येणारच नाहीत, असं तो म्हणत नाही. यातलं पुष्कळ त्याच्या अंगावरून गेलेलं होतं. 5 वेळा एकोणचाळीस फटके, 3 वेळा छड्यांचा मार, एकदा दगडमार, 3 वेळा जहाज फुटलेलं, ही यादी त्यानंच करिंथकरांस दुसऱ्या पत्रात दिलीय. पत्राच्या पहिल्याच अध्यायात तो कबूल करतो की आशिया प्रांतात आमच्यावर इतका भार पडला की जगण्याचीही आशा उरली नव्हती. ‘काहीही वेगळं करू शकणार नाही’ हे वाक्य अशा माणसाचं आहे. एक सावधगिरी मात्र हवी. देवावर प्रेम करणाऱ्यांच्या कल्याणासाठी सगळ्या गोष्टी मिळून कार्य करतात, हे रोमकरांस पत्राच्या 8व्या अध्यायातलंच 28वं वचन दुःखी माणसाच्या तोंडावर फेकलं जातं, जणू आजारपण हीच चांगली गोष्ट. तसं तिथे लिहिलेलं नाही. येशूनं आजाऱ्यांना बरं केलं. आजाराला देणगी म्हणून त्यानं कुणाच्या पदरात घातलं नाही.

योहानाचा 11वा अध्याय सावकाश वाचा. माझ्यासाठी या प्रश्नाचं सगळ्यात जवळचं उत्तर तिथे आहे. मार्था आणि मरीया या बहिणींकडून त्यांचा भाऊ लाजर आजारी असल्याचा निरोप येशूला येतो. मार्था, तिची बहीण आणि लाजर यांच्यावर येशूची प्रीती होती असं 5वं वचन सांगतं, आणि लगेच पुढच्या वचनात तो होता तिथेच आणखी 2 दिवस राहतो. प्रीती आणि उशीर शेजारी शेजारी. बेथानीतल्या त्या घरात मात्र उशीर तेवढा दिसत होता. निरोप गेलाय, उत्तर नाही, भाऊ गेला, पुरला, 4 दिवस झाले. त्या बहिणींना वाचकासारखं 5वं वचन वाचता येत नव्हतं. तुम्ही आज त्या 4 दिवसांत आहात असं मला वाटतं.

येशू आल्यावर मार्था आणि मरीया दोघीही, वेगवेगळ्या वेळी, तेच बोलतात: प्रभू, तू इथे असतास तर माझा भाऊ मेला नसता. ही तक्रारच आहे, आणि त्यात विश्वासही आहे. येशू एकीलाही ‘विश्वास कमी पडला’ म्हणत नाही. मार्थेशी तो पुनरुत्थानाबद्दल बोलतो, मरीयेजवळ रडतो. लाजराला आता मेलेल्यांतून उठवणार हे ठाऊक असूनही रडतो. म्हणजे शेवट चांगला असला तरी मधलं दुःख त्याच्या लेखी खोटं ठरत नाही.

पण हेही सांगायला हवं की प्रत्येक घरातला लाजर या जन्मात परत येत नाही. माझ्या आईसाठी आम्ही सगळ्यांनी उपास धरले, मंडळीनं रात्रभर प्रार्थना केल्या. ती गेली. का गेली, याचं उत्तर मला मिळालेलं नाही आणि ते शोधणं मी सोडून दिलंय. तिला पुन्हा भेटेन यावर माझा विश्वास आहे, कारण येशूची कबर रिकामी आहे. तरीही तिची उणीव आहेच, आणि मी ती देवापासून लपवत नाही.

तुम्हीही लपवू नका. प्रार्थनेत फक्त स्तुतीच चालते असं कोणी शिकवलं असेल तर स्तोत्रसंहिता, बायबलमधलं प्रार्थनागीतांचं पुस्तक, उघडा. 13वं स्तोत्र ‘हे परमेश्वरा, कुठवर?’ असं विचारतं. 88वं स्तोत्र तर अंधारातच संपतं, शेवटी आशेची एकही ओळ नाही, आणि तरीही ते पवित्र शास्त्रात आहे. ‘त्याची करुणा रोज सकाळी नवी होते’ ही ओळ आपण किती आनंदानं गातो! ती विलापगीतातली आहे. इ.स.पू. 586च्या सुमारास बाबेलच्या सैन्यानं यरुशलेम जाळून टाकलं, त्यानंतरचा तो आक्रोश आहे. त्याच अध्यायात थोडं आधी कवी म्हणतो की मी ओरडलो तरी देव माझी प्रार्थना बाहेरच ठेवतो. दोन्ही वाक्यं एकाच तोंडची. आणि येशूनं वधस्तंभावर ‘माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?’ असं म्हटलं तेव्हा तो 22वं स्तोत्रच प्रार्थत होता. देवाकडे तोंड करून केलेली तक्रार ही प्रार्थनाच असते.

आपल्यावर प्रेम आहे असं आतून जाणवतच नसेल तर? इंग्रज कवी विल्यम कूपर याचं उदाहरण मला धीर देतं. त्याची स्तोत्रं मंडळ्या आजही गातात. 1773 साली त्याचं मन इतकं खचलं की देवानं आपल्याला टाकून दिलं अशी त्याची खात्री झाली, आणि 1800 साली मरेपर्यंत ती फारशी सुटली नाही. त्याचा पाळक आणि मित्र जॉन न्यूटन यानं त्याला त्या वाईट काळात वर्षभराहून अधिक आपल्या घरी ठेवून घेतलं. कूपरला जे जाणवत नव्हतं त्यावर न्यूटन त्याच्या वतीनं विश्वास ठेवत राहिला. मला वाटतं मंडळी यासाठीच असते. म्हणून तुमच्यावर शेरे मारणाऱ्यांना थोडं दूर ठेवा आणि एक-दोन अशी माणसं शोधा जी ऐकून घेतील. त्यांना ‘प्रार्थना करा’ एवढंच सांगू नका. आठवड्यातून एकदा पतीजवळ बसा, मुलीचा अभ्यास घ्या, दवाखान्यात सोबत चला, असं स्पष्ट मागा. मंडळीकडे मदतीचा निधी असेल तर पाळकांना विचारायला संकोच करू नका. देवाची प्रीती बहुतेक वेळा माणसांच्या हातानंच घरात येते.

स्वतःच्या शरीराकडेही लक्ष द्या. एलीया संदेष्ट्यानं झुडपाखाली बसून ‘आता माझा जीव घे’ म्हटलं, तेव्हा देवानं त्याला उपदेश केला नाही. झोपू दिलं, दूताकरवी भाकर आणि पाणी दिलं, पुन्हा झोपू दिलं. बोलणं नंतर झालं. रोग्याची सेवा करणारं माणूस आतून फार थकतं, आणि थकलेल्या मनाला देवही दूर वाटतो. जगणंच नको असे विचार येत असतील तर आजच जवळच्या माणसाला आणि डॉक्टरांना सांगा. औषध घेणं हा अविश्वास नाही.

राहिली मुलगी. तिला घाईघाईनं ‘देव सगळं बरं करील’ असं सांगू नका. तसं झालं नाही तर ती तुमच्यावर आणि देवावरही रागावेल. आई म्हणून ‘मला माहीत नाही, मीही देवाला हेच विचारतेय’ असं म्हणायला हरकत नाही. लाजराची गोष्ट तिला वाचून दाखवा, येशू रडला तिथे थांबा, तिला काय वाटतं ते विचारा. मग दोघी मिळून प्रार्थना करा आणि तिचा प्रश्न तिच्याच शब्दांत देवाला विचारू द्या: ‘तू आमचं ऐकत का नाहीस?’ तो प्रश्न गोड करून घेऊ नका. बाबांनाही त्या प्रार्थनेत घ्या, ते अंथरुणावर असले तरी. आजारी माणसासाठी सगळे प्रार्थना करतात, पण त्याला स्वतःला देवाशी काय बोलायचंय हे घरात सहसा कोणी विचारत नाही.