बाबांची विसरण्याच्या आजाराची गोळी चालू ठेवू की बंद करू?

तुमचे बाबा 74 चे, डोनेपेझिल चालू केल्यावर जुलाब लागले, जेवण कमी झालं, भाऊ म्हणतो चालूच ठेव अन् आई म्हणते फेकून दे, हेच ना? मी यवतमाळ जिल्ह्यात मेडिकल चालवतो, आमच्या बाबांनाही हाच आजार होता, म्हणून दोन्हीकडून सांगतो.

पहिले घरातल्या सगळ्यांना बसवून सांगा की या गोळीनं गेलेली आठवण परत येत नाही, आजारही थांबत नाही. काही जणांचं काही महिने जरा बरं चालते, काहींना ढिम्म फरक पडत नाही. लोकं दुकानात येऊन विचारतात, भाऊ किती दिवसाचा कोर्स आहे? टायफॉइड आहे का तो! म्हणून गोळी कशासाठी देऊन राहिलो ते ठरवा, अन् बाबांना समजत असेल तर त्यांनाच विचारा. आमचे बाबा म्हणे, मले वावरात एकट्यानं जाऊन येता आलं पाहिजे, बस. मग तेच धरून तीन महिन्यानं पाहिलं, डॉक्टरलाही तेच सांगितलं, त्यामुळे भावाभावात भांडण झालं नाही.

आता जुलाबाचं. ही गोळी बहुतेक 5 मिलिग्रॅमनं सुरू होते, चार-सहा आठवड्यांनी 10 करतात, अन् पोट या दोन वेळेलाच जास्त बिघडते, पुष्कळदा आपोआप बसतेही. पण वजन उतरत असेल, धोतर ढिलं होऊन राहिलं असेल तर वाट पाहू नका, डॉक्टरला फोन करा. डोस कमी करता येते, याच आजाराची दुसरी औषधं, म्हणजे मेमँटिन किंवा रिवास्टिग्मिनचा पॅच (कातडीवर चिकटवायची पट्टी), देता येते का तेही विचारा. रात्री भलतीच स्वप्नं पडत असतील तर सकाळी द्यायची का हे विचारा. चक्कर आली, पडले, तर त्याच दिवशी दाखवा, कारण यानं नाडी मंद होऊ शकते, त्यात बीपीची अॅटेनोलॉल, मेटोप्रोलॉल चालू असेल तर जास्तच. स्वतःच्या मनानं मात्र एकदम बंद नका करू. फायदा दिसला नाही अन् डॉक्टरनं हळूहळू बंद केली तर आपण बाबांना सोडून दिलं असं मनात आणू नका, आमची पण बंदच केली होती.

बी12 अन् थायरॉईड तपासलं नसेल तर तपासून घ्या, त्यांच्या बिघाडानंही विसरायला होते. अन् रात्री ओरडतात म्हणून कोणी रिस्पेरिडोन, क्वेटियापिन अशी शांत करायची गोळी लिहून दिली तर खरे प्रश्न तिथं विचारा, या आजाराच्या म्हाताऱ्या माणसात त्यानं पॅरालिसिसचा, जीवाचा धोका वाढते. अचानक बरळणं वाढलं तर आधी लघवीचं इन्फेक्शन, बद्धकोष्ठता पहा.

अन् जाताना घरातल्या सगळ्या गोळ्या थैलीत भरून न्या. एका आजीच्या थैलीत लघवी आवरत नाही म्हणून दुसऱ्या डॉक्टरनं दिलेली ऑक्सिब्युटिनिन निघाली, डोनेपेझिलच्या बरोब्बर उलटं काम करणारी, अन् दोन्ही गोळ्या मीच विकून राहिलो होतो.