चर्चमधल्या दगडी ‘फॉन्ट’ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. आयर्लंडमधल्या मीथ काउंटीत क्लोनार्ड नावाचं गाव आहे. तिथल्या चर्चमध्ये काढलेल्या फोटोखाली मराठीत एक ओळ लिहायची आहे. फोटोत आठ कोनांचं, बाहेरून कोरीव काम केलेलं दगडी पात्र आहे आणि इंग्रजीत त्याला ‘फॉन्ट’ म्हणतात. भाषांतर करणाऱ्या यंत्राने ‘बाप्तिस्म्याचा टंक’ असं लिहून दिलं, एका मित्राने ‘पवित्र भांडं’ सुचवलं. यातलं बरोबर काय? आणि संगणकातला फॉन्ट तो हाच का?

दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण गोंधळाचं मूळ तिथे आहे. हे दोन वेगळे शब्द आहेत, इंग्रजीत येऊन सारखे दिसू लागले एवढंच. छपाईतला फॉन्ट फ्रेंचमधल्या वितळवणं, ओतणं या अर्थाच्या क्रियापदावरून आला. धातू वितळवून साच्यात ओतायचा आणि अक्षरांचे खिळे काढायचे. एका मापाच्या, एका वळणाच्या खिळ्यांचा संच म्हणजे फॉन्ट. ‘फाउंड्री’ हा त्याच घरातला शब्द. जावजी दादाजींनी १८६९ साली मुंबईत निर्णयसागर छापखाना काढला आणि त्यांच्याकडे ओतलेल्या देवनागरी खिळ्यांचा लौकिक झाला, तो या फॉन्टचा. चर्चमधला फॉन्ट मात्र लॅटिन ‘फोन्स’वरून आला आहे. फोन्स म्हणजे झरा. ‘फाउंटन’ त्याच्याच कुळातला. एकाच्या मुळाशी ओतणं आहे, दुसऱ्याच्या मुळाशी जमिनीतून वर येणारं पाणी.

यंत्राला हा फरक कळला नाही म्हणून त्याने ‘टंक’, म्हणजे संगणकातल्या फॉन्टचा मराठी प्रतिशब्द, दिला. तो चूकच आहे, पण एक गोष्ट इथे सांगितल्याशिवाय राहवत नाही. संस्कृतात टंक म्हणजे पाथरवटाची छिन्नी. ‘टाकीचे घाव’ म्हणतो तेव्हाची आपली टाकी त्यातूनच आली. म्हणजे यंत्राने चुकून का होईना, ज्या हत्याराने ते पात्र घडलं त्याचंच नाव पात्राला दिलं.

आता मूळ शब्दाकडे. झऱ्याचं नाव दगडी पात्राला का मिळालं? बाप्तिस्मा म्हणजे पाण्याने ख्रिस्ती धर्मात घेण्याचा विधी. हा शब्द ज्या ग्रीक क्रियापदापासून आला त्याचा अर्थ बुडवणं. सुरुवातीला हा विधी नदीत, झऱ्यावर, वाहत्या पाण्यात होत असे. आयर्लंडमध्ये ही आठवण फार जिवंत आहे. आयर्लंडमध्ये ख्रिस्ती धर्म पसरवणाऱ्या संत पॅट्रिकचं चरित्र लिहिणारा सातव्या शतकातला बिशप तीरेखान त्याला विहिरींपाशी, झऱ्यांपाशी लोकांना बाप्तिस्मा देताना दाखवतो. मेयो काउंटीतल्या बॅलिंटबर या गावाच्या नावातच आयरिश ‘टोबर’ आहे. टोबर म्हणजे झऱ्याची विहीर. पॅट्रिकने तिथे बाप्तिस्मा दिला अशी परंपरा आहे आणि त्या विहिरीशेजारी १२१६ साली मठ उभा राहिला.

पुढे पाणी चर्चच्या आत आलं. यावरचा एक नेमका आदेश आपल्याला उपलब्ध आहे आणि शब्द ठरवताना मला तोच सगळ्यात उपयोगी वाटतो. ११८६ साली डब्लिनचे आर्चबिशप जॉन कमिन यांनी आपल्या प्रांताची धर्मसभा भरवली. तिच्या ठरावांत हे पात्र कसं असावं ते सांगितलं आहे. ते चर्चच्या मध्यभागी असावं, किंवा ईस्टरच्या मिरवणुकीला त्याला वळसा घालता येईल अशा जागी. दगडाचं असावं, लाकडी असेल तर स्वच्छतेसाठी आतून शिशाचा पत्रा मारावा. वर रुंद आणि ऐसपैस असावं. आणि तळाला आरपार भोक असावं, म्हणजे विधी झाल्यावर ते पाणी आतल्या आत, लपवलेल्या नळीतून, धरणीमातेच्या पोटात जाईल.

हे भोक म्हणजे या वस्तूचा प्राण आहे. ज्या पाण्याने मूल न्हालं ते मोरीत किंवा अंगणात फेकायचं नाही, कुणाच्या हाती लागू द्यायचं नाही, ते जमिनीला परत द्यायचं. रुंदीचं कारणही तितकंच सरळ आहे. तेव्हा तान्ह्या बाळाला खरोखर पाण्यात बुडवत, डोक्यावर चार थेंब शिंपडून भागत नसे. म्हणून मध्ययुगातल्या या पात्रांची पोटं खोल आणि मोठी आहेत.

गंमत म्हणजे आयरिश भाषेने लॅटिनचा झरा घेतला नाही. आयरिशमध्ये या पात्राला ‘उमर बाश्ते’ म्हणतात. बाश्ते म्हणजे बाप्तिस्मा. उमर म्हणजे डोणी, टाकी, हौद. (वय या अर्थाच्या आपल्या ओळखीच्या ‘उमर’शी त्याचा संबंध नाही.) मासे ठेवायच्या टाकीला उमर, गाडीतल्या पेट्रोलच्या टाकीलाही उमर, आणि चर्चमधल्या कोरीव दगडालाही उमरच. जर्मन माणूस ‘टाउफश्टाइन’, म्हणजे बाप्तिस्म्याचा दगड, म्हणतो. वेल्श शब्दाचा अर्थही तोच. पोर्तुगीजमध्ये ‘पिया’ म्हणतात आणि स्वयंपाकघरातल्या सिंकलाही पियाच म्हणतात. एकाला पाणी दिसलं, एकाला दगड, एकाला आकार.

मग मराठीला काय दिसावं?

‘भांडं’ आणि ‘पात्र’ मी बाजूला ठेवेन. दोन्ही उचलून नेता येतात. ही वस्तू एका जागी रोवलेली असते, मिरवणूक तिच्याभोवती फिरते. वर मी वर्णनात ‘पात्र’ वापरलं ते चालतं, पण नाव म्हणून ते अपुरं आहे. ‘घंगाळ’ मनाला जवळचं आहे, तान्ह्या बाळाची अंघोळ आणि घंगाळ यांचं नातं आपल्या घरांतून ओळखीचं आहे. पण घंगाळ धातूचं आणि कड्यांचं. ‘हौद’ मोठा होतो. ‘टाकी’ म्हटलं की गच्ची आठवते.

‘डोणी’वर मात्र मी बराच वेळ अडले. विहिरीशेजारी गुरांना पाणी पाजायला एकाच दगडात कोरलेली डोणी असते, ती आयरिश उमरच्या सगळ्यात जवळची. शिवाय या पात्रांच्या इतिहासाशीही ती जुळते. सोळाव्या शतकातल्या धर्मसुधारणेनंतर आयर्लंडमधली गावोगावची जुनी चर्च सरकारी प्रॉटेस्टंट पंथाकडे गेली, त्यातली कित्येक ओस पडून मोडकळीला आली. आतले कोरीव दगड विखुरले. काही पुरले गेले, काही शेतातल्या घरांसमोर जाऊन खरोखरच डोणी झाले, आणि नंतर कुणाच्या तरी लक्षात येऊन पुन्हा चर्चमध्ये आणले गेले. क्लोनार्डचं पात्रही पूर्वीच्या मठाचं मानलं जातं. आज ते गावच्या कॅथलिक चर्चमध्ये आहे. तरीही फोटोखाली ‘डोणी’ लिहिलं तर मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे बैल येतील. वर्णन करताना ‘डोणीसारखं’ म्हणावं, नाव म्हणून देऊ नये.

माझं मत ‘कुंड’ला आहे. मराठीत कुंड हा एकच शब्द झरा आणि पात्र हे दोन्ही अर्थ सांभाळतो. वज्रेश्वरी-गणेशपुरीच्या गरम झऱ्यांना आपण कुंडं म्हणतो, म्हणजे फोन्स तिथे आहे. यज्ञकुंड माणसाच्या हातांनी मापून बांधलेलं असतं, म्हणजे घडवलेलं पात्रही त्यात आलं. कुंड हलवता येत नाही. आणि त्याला आपोआप एक पावित्र्य आहे, वेगळं ‘पवित्र’ जोडावं लागत नाही. कुणी म्हणेल, हा शब्द हिंदू वळणाचा झाला. मला तशी अडचण वाटत नाही. मराठी ख्रिस्ती बांधव ‘संस्कार’, ‘उपासना’, ‘प्रभू’ हे शब्द पिढ्यान्‌पिढ्या आपले म्हणून वापरत आले आहेत, त्या रांगेत कुंड सहज बसतं.

म्हणून: बाप्तिस्माकुंड. सुटं लिहायचं तर बाप्तिस्म्याचं कुंड. वसईकडच्या कॅथलिक वाचकांसाठी लिहीत असाल तर त्यांच्या बोलण्यातल्या ‘स्नानसंस्कार’ शब्दावरून स्नानसंस्काराचं कुंड म्हणा. नुसतं ‘स्नानकुंड’ नको, ते घाटावरचं वाटतं.

कोरीव कामाबद्दलही ओळीत दोन शब्द हवेत. मीथ काउंटीतली पंधराव्या शतकातली अशी कुंडं हा एक वेगळाच ठेवा आहे. हेलन रो या विदुषीने त्यांचा बारकाईने अभ्यास केला. आयर्लंडच्या पुरातत्त्वप्रेमींच्या रॉयल सोसायटीच्या त्या पहिल्या महिला अध्यक्ष. डनसेनीच्या पडक्या चर्चमध्ये कुंडाच्या बाजूंवर प्रेषितांच्या मूर्ती आहेत. तुमच्या क्लोनार्डच्या कुंडावर येशूचा बाप्तिस्मा आहे आणि बाळ येशूला घेऊन मिसरकडे, म्हणजे इजिप्तकडे, निघालेलं कुटुंबही आहे. ज्या दगडात बाळ बुडवायचं त्याच्याच अंगावर नदीत उभा येशू! याआधीची, साधारण बाराव्या-तेराव्या शतकातली कुंडं बहुधा चौकोनी आणि साधी असतात. किल्केनीच्या सेंट कॅनिस कॅथेड्रलमधलं तसं आहे, तिथल्या प्रसिद्ध काळ्या दगडाचं. त्याला किल्केनीचा संगमरवर म्हणतात, पण तो खरा चुनखडीचा दगड.

एक खबरदारी. चर्चच्या दाराशी बोटं बुडवून क्रूसाची खूण करायला एक लहान दगडी वाटी असते, ती वेगळी. तिला ‘तीर्थाची वाटी’ म्हणता येईल, कुंड म्हणू नका. तसंच जुन्या मठांच्या आवारात उखळासारखे खळगे असलेले दगड दिसतात. त्यांना आयर्लंडमध्ये ‘बुलॉन’ म्हणतात, आणि त्यात साचलेल्या पावसाच्या पाण्याने चामखीळ जाते अशी समजूत आहे. स्थानिक लोक त्यांनाही कधी कधी फॉन्ट म्हणतात. पण त्यांच्या तळाला भोक नसतं.

तुमच्या फोटोखाली मी असं लिहीन: ‘क्लोनार्डच्या चर्चमधलं पंधराव्या शतकातलं अष्टकोनी दगडी बाप्तिस्माकुंड, बाजूंवर येशूच्या जीवनातले प्रसंग कोरले आहेत.’ आणि वरून काढलेला एखादा फोटो तुमच्याकडे असेल तर तोही जरूर द्या, म्हणजे तळाचं ते भोक दिसेल.