पुरातून वाचलेली सुरी

प्रश्न: आमचं घर चिपळूणला. जुलै 2021 च्या पुरात स्वयंपाकघर गाळाने भरलं होतं, त्या गाळात सासूबाईंची सुरी सापडली. गावच्या लोहाराने ट्रकच्या कमानीच्या पाट्यातून घडवलेली, वीतभर पातं, सागवानी मूठ. तेव्हा पुसून माळ्यावर टाकली, ती आता काढली. पातं कुठे तांबडं, कुठे काळं, मूठ खुळखुळते, आणि वर्षानुवर्षं धार लावून पात्याचा मधला भाग आत गेलाय. सासूबाई आता नाहीत. मला ती शोभेला ठेवायची नाही, रोज वापरायची आहे. घरी जमेल का? – एक वाचक, चिपळूण

उत्तर: ताई, जमेल. तीन-चार संध्याकाळी जातील, पण जमेल.

आधी एक विनवणी. कोणी म्हणेल, द्या इकडे, ग्राइंडरवर पाच मिनिटांत चकचकीत करून देतो. देऊ नका. माझी सारी नोकरी टूलरूममध्ये हत्यारांना धार लावण्यात गेली, पण एकोणीस वर्षांचा असताना मी आईची सुरी अशीच कोरड्या चाकावर धरली होती. डोळ्याचं पातं लवायच्या आत टोकाशी मोरपिसासारखा निळा रंग चढला. निळा रंग म्हणजे तिथलं लोखंड जवळपास 300 अंशांवर गेलं आणि लोहाराने दिलेलं पाणी, म्हणजे तापवून-बुडवून आणलेला कडकपणा, उतरला. पुढे त्या टोकाला धार लावली की दोन कांद्यांत बोथट व्हायची. शेवटी बोटभर टोक घासून काढून टाकावं लागलं. आईने ती आखूड सुरी शेवटपर्यंत वापरली, मला एका शब्दाने बोलली नाही. म्हणून सांगतो, सगळं काम हाताने आणि पाण्याखाली करा. पात्यावर बोट टेकवत नाही इतकं ते कधीच तापता कामा नये.

सुरुवात मुठीपासून. पात्यावरचा गंज दिसतो तरी, मुठीतला दिसत नाही, आणि पुराचा गाळ नक्की तिथेच बसलाय. पातं जाड कापडात गुंडाळून घट्ट धरा आणि मुठीच्या खांद्यावर, शेंबीच्या (मुठीच्या तोंडाशी बसवलेल्या धातूच्या कड्याच्या) बाजूने, लाकडी हातोडीने हलके ठोके द्या. खुळखुळणारी मूठ सहसा निघते. आतली शेपटी, म्हणजे पात्याचा मुठीत शिरलेला भाग, घासून पाहा. निम्म्याहून जास्त खाल्ली गेली असेल तर इथेच थांबा आणि लोहाराकडे जा. तो नवी शेपटी जोडून देईल. धड असेल तर मुठीचं भोक कोरून स्वच्छ करा आणि मूठ दोन-तीन दिवस सावलीत वाळू द्या. उन्हात ठेवली तर सागवानही तडकतं.

आता गंज. तांबडा आणि काळा हे दोन वेगळे. तांबडा लोखंड खात जातो, तो काढायचाच. काळा थर मात्र घट्ट बसलेला असतो आणि खालच्या लोखंडाला थोडीफार राखण करतो. तो राहू द्या, सासूबाईंच्या हातचा आहे तो. पात्याला खोबरेल तेल चोपडून रात्रभर ठेवा, सकाळी बारीक स्टील वूलने पात्याच्या लांबीच्या दिशेने घासा. पूर्वी आम्ही रॉकेल वापरायचो. पण ही स्वयंपाकाची सुरी, तेलच बरं. खवले सुटलेच नाहीत तर साध्या व्हिनेगरमध्ये भिजवलेली चिंधी तेवढ्याच जागी गुंडाळा आणि दर अर्ध्या तासाने उघडून बघा. विसरून रात्रभर ठेवलीत तर व्हिनेगर चांगलं लोखंडही खातं. झाल्यावर खायच्या सोड्याच्या पाण्याने धुवा, लगेच कोरडं करा, तेलाचा हात फिरवा. पात्याच्या पोटावर बारीक खड्डे उरतील. ते घालवायला सगळं पातं पातळ करू नका.

मूठ बसवायला जुने लोक राळ आणि विटेची भुकटी एकत्र वितळवून भोकात ओतत. ते उत्तम, पुन्हा तापवून सोडवताही येतं, पण शेपटी गरम करावी लागते आणि सवय नसेल तर पातं तापायची भीती. तुम्ही दोन नळ्यांचं ॲरल्डाइट वापरा. पातं सरळ बसलंय ना ते डोळ्यापुढे धरून पाहा आणि एक दिवस हात लावू नका. मग मुठीला जवसाचं तेल चोळा. त्या तेलाची चिंधी चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका, ती आपोआप तापून पेट घेऊ शकते. दोरीवर पसरून वाळवा, मगच फेका.

आता खरं दुखणं, आत गेलेली धार. सुरी पाटावर उभी टेकवा आणि मागे दिवा धरा. मधोमध उजेडाची फट दिसेल. ही फट असेल तर धार कितीही तीक्ष्ण करा, कोथिंबीर चिरल्यावर माळेसारखी एकमेकींना लटकून येते. फट भरता येत नाही, दोन्ही बाजूचे उंचवटे उतरवावे लागतात: मुठीजवळची टाच आणि टोकाकडचा भाग. धार लावायचा, जाड कणांचा कार्बोरंडमचा दगड पाण्यात भिजवा, पातं उभं धरून फक्त हे दोन भाग घासा, आणि दर वीस-पंचवीस घासांनी पुन्हा दिवा लावून पाहा. घाई नको. उतरवलेलं लोखंड परत येत नाही.

फट गेली की धार. पातं साडेतीन सेंटिमीटर रुंद असेल तर पाठ दगडापासून 12 मिलिमीटर उचला, म्हणजे 20 अंश झाले. मासे, फणस, भाजी, सगळ्याला हा कोन चालतो. धारेवर मार्कर पेनने काळी रेघ ओढा. घासल्यावर रेघ कुठे पुसली त्यावरून कोन कळतो. एका बाजूने घासत राहा, दुसऱ्या बाजूला बोटाला खरखरीत कड लागेपर्यंत. कारखान्यात तिला आम्ही बर म्हणतो. ती टाचेपासून टोकापर्यंत आली की बाजू बदला, मग बारीक कणांचा दगड. शेवटी जुन्या चामड्याच्या पट्ट्यावर पातं उलट, म्हणजे पाठ पुढे करून ओढा, दोन्हीकडून दहा-दहा वेळा. पिकला टोमॅटो नुसत्या वजनाने कापला गेला तर झालं.

चिपळूणची हवा दमट, म्हणून लिंबू, कैरी, कोकम कापल्यावर सुरी सिंकमध्ये पडू देऊ नका. धुवून, पुसून, खोबरेलाचं बोट. फणसाचा चीक पाण्याने जात नाही, तोही तेलानेच पुसा.

प्रश्न: जुन्या सुरीची धार टिकत नाही. गॅसवर लाल करून पाण्यात बुडवली तर पुन्हा कडक होईल का? – एक वाचक, सोलापूर

उत्तर: नका करू. पाणी द्यायला पातं सगळीकडे सारखं, साधारण 800 अंशांपर्यंत तापावं लागतं. इतक्या उष्णतेत लोहचुंबकही त्याला चिकटत नाही. गॅसच्या शेगडीवर एक जागा लाल होते, शेजारची काळीच राहते, आणि बुडवताच पातं वाकतं किंवा तडकतं. कमानीच्या पाट्याचं लोखंड पाण्यात तर हमखास दगा देतं, जाणता लोहार ते तेलात बुडवतो. आधी धार नीट लावून पाहा. बरेचदा बर तशीच राहून गेलेली असते आणि ती दुमडली की धार गेल्यासारखी वाटते. तरीही टिकली नाही, तर सुरी घेऊन लोहाराच्या भट्टीवर जा, आणि तो पाणी देताना शेजारी उभे राहून बघा.