खासदाराकडे कोणतं काम घेऊन जावं?

तुम्ही विचारलंय की ऐरोलीत नुकतेच राहायला आलात, खासदार नेमकं काय करतो, आणि सोसायटीत पाणी कमी दाबाने येतं ते त्याच्या कानावर घालावं का.

पाण्यासाठी त्याच्याकडे जाऊ नका. ते काम महापालिकेचं आहे. मोरबे धरणसुद्धा नवी मुंबई महापालिकेच्याच मालकीचं. अर्ज विभाग कार्यालयात द्या, नगरसेवकाला सोबत घ्या. सिडको, पोलीस, म्हाडा हे राज्याचे विषय, त्यासाठी आमदार. खासदाराकडे न्यायचं ते केंद्राचं: रेल्वे, टपाल, पासपोर्ट, विमानतळ, राष्ट्रीय महामार्ग, भविष्यनिर्वाह निधी.

तुमचा मतदारसंघ ठाणे. त्यात मीरा-भाईंदर, ओवळा-माजिवडा, कोपरी-पाचपाखाडी, ठाणे, ऐरोली आणि बेलापूर असे सहा विधानसभा मतदारसंघ येतात. कळवा-मुंब्रा मात्र कल्याणमध्ये. महाराष्ट्रातून लोकसभेवर ४८ आणि राज्यसभेवर १९ जण जातात. राज्यसभेच्या या खासदारांना आपण नाही, विधानसभेचे आमदार निवडतात.

मी ठाण्यात लोकल प्रवाशांच्या मागण्यांची निवेदनं लिहितो. त्या अनुभवावरून सांगतो, खासदाराचं सगळ्यात मोलाचं आणि सगळ्यात दुर्लक्षित काम म्हणजे प्रश्न विचारणं. लोकसभेत अधिवेशनाच्या दिवशी सकाळी ११ ते १२ प्रश्नोत्तरांचा तास असतो. दिवसाला २० तारांकित, म्हणजे तोंडी उत्तरासाठीचे, प्रश्न यादीत येतात. त्यांतल्या थोड्यांनाच मंत्री उभं राहून उत्तर देतो, पण तिथे पुरवणी प्रश्न विचारून त्याला खिंडीत गाठता येतं. बाकीच्यांना लेखी उत्तर मिळतं, आणि अतारांकित प्रश्नांना तर लेखीच. हे लेखी उत्तर म्हणजे सरकारने संसदेला दिलेला शब्द असतो. ते संसदेच्या संकेतस्थळावर कुणालाही वाचता येतं आणि पुढच्या प्रत्येक निवेदनाला जोडता येतं. अधिकारी तोंडी कितीही टोलवू दे, मंत्र्याच्या नावाने दिलेलं उत्तर समोर ठेवलं की त्याला ठोस बोलावं लागतं.

तुमच्याच भागातलं उदाहरण घ्या. दिघा गाव स्थानक जानेवारी २०२४ मध्ये सुरू झालं. ज्या ऐरोली-कळवा उन्नत मार्गाच्या प्रकल्पात ते बांधलं, त्या मार्गाने कल्याणकडच्या माणसाला ठाण्यात गाडी न बदलता नवी मुंबईत येता येणार आहे. ठाण्याच्या पुलावरची चेंगराचेंगरी त्याने कमी होईल. या मार्गाची किती जमीन ताब्यात आली, पुनर्वसन कुठे अडलं, पैसे किती खर्च झाले, हे विचारायला खासदारासारखं दुसरं माणूस नाही.

यानंतर संसदेच्या स्थायी समित्या. विभागवार २४ समित्या आहेत, प्रत्येकीत ३१ सदस्य, २१ लोकसभेचे आणि १० राज्यसभेचे. मंत्रालयाच्या खर्चाच्या मागण्या आणि समितीकडे पाठवलेली विधेयकं तिथे बारकाईने तपासली जातात. टीव्हीवर दिसणारा सभागृहातला गोंधळ तिथे सहसा नसतो. आपला खासदार कोणत्या समितीत आहे एवढं तरी प्रत्येक मतदाराने शोधावं, असं मला कळकळीने वाटतं.

कायदे करणं हे तर मूळ काम. पण १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्यानंतर पक्षादेश (व्हिप) निघाला की खासदाराला त्याप्रमाणेच मत द्यावं लागतं, नाहीतर खासदारकी जाऊ शकते. म्हणून मतदानापेक्षा तो चर्चेत काय बोलला हे मी जास्त पाहतो.

खासदार निधीबद्दल फार गैरसमज आहे. वर्षाला ५ कोटी रुपये, पण ते त्याच्या खात्यात येत नाहीत. तो कामाची शिफारस करतो, मंजुरी आणि अंमलबजावणी जिल्हा प्रशासनाकडून होते. सहा विधानसभा मतदारसंघांत ही रक्कम किती पुरणार? बाकडी आणि सभामंडपांवर खासदाराचं मोजमाप करणं मला अजिबात पटत नाही.

ठाण्याने १९७७ आणि १९८० मध्ये रामभाऊ म्हाळगींना लोकसभेवर पाठवलं. आपल्या कामाचा वार्षिक अहवाल ते मतदारांपुढे मांडत. भाईंदरजवळच्या उत्तनची, लोकप्रतिनिधींना प्रशिक्षण देणारी प्रबोधिनी त्यांच्याच नावाची. असा अहवाल आजच्या खासदाराकडेही हक्काने मागा, पक्ष कोणताही असो.

आता तुमच्यापुरतं. रेल्वे किंवा केंद्राचा प्रश्न असेल तर एका पानाचं निवेदन करा, विषय एकच ठेवा, आणि खाली खासदाराने मंत्र्याला विचारावेत असे दोन-तीन नेमके प्रश्न लिहून द्या. प्रश्नाची सूचना किमान १५ दिवस आधी द्यावी लागते, त्यामुळे अधिवेशनाच्या महिनाभर आधी त्याच्या कार्यालयात पोहोचा. दुसऱ्या प्रतीवर तारीख-शिक्क्यासह पोच घ्या. अधिवेशन सुरू झालं की संकेतस्थळावर त्याच्या नावाने प्रश्न लागला का ते पाहा, आणि नसेल लागला तर ती पोच घेऊन पुन्हा जा.